उरलेलं टोपण

वाळूत शिरण्याआधी चारी टायरांची हवा कमी करायची आणि पक्का रस्ता लागला की ती पुन्हा भरायची, हे दीपक इतक्या मनोभावे करायचा की आमच्या लग्नातले विधीसुद्धा त्याने तेवढे मन लावून केले नसतील. जीप घेतल्यापासून दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमधला प्रत्येक रविवार तापीच्या पात्रात जायचा. त्याचा आणखी एक नियम होता. व्हॉल्व्हची काळी टोपणं काढली की ती माझ्या मुठीत द्यायची, आणि ती मूठ रिकामी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एकदा एक चाक भरायचं विसरून तो तसाच निघाला होता आणि वळणावर टायर रिमवरून उतरून गाडी पार शेतात गेली होती. तेव्हा मोनाली, आमची मुलगी, मागच्या सीटवर झोपलेली होती. म्हणून या नियमाची मी कितीही टिंगल केली तरी मूठ मात्र घट्ट धरायचे.

मोनाली सुट्टीत सावद्याला माझ्या आईकडे होती. मागचे दोन रविवार येते येते म्हणून मी गेलेच नव्हते, आणि दोन्ही वेळा याच वाळूपायी. आज सकाळी फोनवर ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "आज नाही आलीस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही." सात वर्षांच्या पोरीचा तो शांत आवाज दिवसभर माझ्या कानात होता. वाळूतून परस्पर सावद्याला जायचं दीपकने कबूल केलं होतं. दिवेलागणीच्या आत मला तिच्याजवळ पोचायचं होतं, बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

ऊन कलल्यावर आम्ही पात्रातून वर आलो आणि एका केळीच्या बागेच्या कडेला थांबलो. दीपकने बॅटरीवर चालणारा आपला लाडका कॉम्प्रेसर काढला. त्याला वायर नाही, काही नाही. आकडा लावून दिला की टायर भरल्यावर तो आपोआप बंद पडतो. एकेक चाक भरून दीपक खिडकीशी येई, हात पुढे करी, मी त्यावर एक टोपण ठेवी. चौथं दिल्यावर मी हात झटकायला मूठ उघडली, तर तळव्यावर एक टोपण होतं.

"स्टेपनीचं असेल," मी म्हटलं.

त्याने मागे जाऊन पाहिलं. स्टेपनीचं टोपण जागच्या जागी होतं. मीही उतरून गाडीभोवती फेरी मारली, चारी चाकांची टोपणं नीट बसवलेली होती.

"जादाचं असेल एखादं. चल ना दीपक, मोनू वाट बघतेय."

"एक चाक राहिलंय, हेमांगी," लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला. "तू आत बस."

मी बसले. मागून कुठूनतरी कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली आणि थांबेचना. चार टायर भरून झाले की हमखास मान टाकणारी ती बॅटरी आज दमत नव्हती. आरशात दीपकची वाकलेली पाठ दिसत होती, पण तो नेमका कुठल्या चाकापाशी आहे ते काही कळत नव्हतं. दोनदा मी दाराच्या खिटीला हात घातला आणि दोनदा काढून घेतला, कारण उतरले तर ते चाक मला दिसेल, याची मला भीती वाटत होती. बागेतल्या सावल्या लांबत रस्त्यावर आल्या. शेवटी मी हळूच काच खाली केली आणि ते टोपण बाहेर धुळीत टाकून दिलं.

घरघर तत्क्षणी थांबली. दीपक आला, कॉम्प्रेसर मागच्या सीटवर ठेवून स्टिअरिंगशी बसला.

"लावलं सगळं?" त्याने विचारलं.

मी रिकामी मूठ उघडून दाखवली. लग्नानंतर मी त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं वागले, आणि त्याचं मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

केळीच्या ट्रकांमागून वाट काढत आम्ही सावद्याला आईच्या दाराशी पोचलो तेव्हा देवळातला दिवा नुकताच लागला होता. आई ओट्यावरून म्हणाली, "पोरगी कव्हाची वाट पाहून राह्यली, माय!" मोनाली पायरीवर बसली होती. मला पाहून माझा जीव भांड्यात पडेल असं ती गोड हसली, उठून गाडीशी आली, आणि मी दार ढकलणार तोच तिने दोन्ही हातांनी ते बाहेरून दाबून धरलं.

"मोनू, उतरू दे की मला."

तिने नकारार्थी मान हलवली. मग एक हात सोडून तिने आपली मूठ माझ्यापुढे उघडली. तळव्यावर धुळीने माखलेलं काळं टोपण होतं.

"बाबांनी धरायला दिलंय. म्हणाले, एक चाक राहिलंय, तोवर आईला उतरू देऊ नकोस."

"कधी म्हणाले?"

"आत्ता. गाडीमागे बसलेत ना ते, हवा भरत."

मी शेजारी पाहिलं. दीपकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता. मागच्या सीटवर कॉम्प्रेसर नव्हता, आणि गाडीखालून ती घरघर पुन्हा सुरू झाली होती.