पडद्यांची सवलत

हॉलच्या नियमांचा कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा धाकट्या बहिणीच्या लग्नाला नऊ दिवस उरले होते. चार पानं, बत्तीस नियम, शेवटी काकांची ऐटदार सही. अकरावा नियम असा होता : कोणत्याही प्रकारचा गॅस सिलिंडर आवारात आणता येणार नाही.

बाबा ऑक्सिजनवर आहेत. घरचं विजेचं यंत्र त्यांना पलंगावर पडल्यापडल्या पुरतं. खुर्चीत बसून चार माणसांशी बोलायचं, तर सिलिंडर लागतोच.

बुकिंगला मला न्यायचं काकांनीच टाळलं होतं. "तू आलीस की शब्दाशब्दाचा कीस पाडशील, आणि तारीख दुसराच कुणी घेऊन जाईल." काकांचं पडद्यांचं दुकान आहे. कुठेही गेले तरी आधी त्यांची नजर खिडक्यांवर जाते.

"अगं, ते स्वयंपाकाच्या गॅसबद्दल असेल," ते म्हणाले. "आपण जाऊन बोलू. माणसं चांगली आहेत."

माणसं खरंच चांगली होती. हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं.

"दोन वर्षांपूर्वी इथे फुगेवाल्याचा सिलिंडर फुटला," त्या म्हणाल्या. "आमच्या माळ्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून कुठलाच नाही."

"आजारी माणसाचाही?"

"त्याला अपवाद करतो ना. गेल्या वर्षी दोनदा केला. पण आधी अग्निशमनवाल्यांची तपासणी लागते, तिला तीन आठवडे जातात. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारतो, काही खास गरज आहे का. यांनाही विचारलं होतं."

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. शेवटच्या पानावर 'विशेष सवलत' अशी चौकट होती. तिच्यात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं : स्वतःचे पडदे लावण्यास परवानगी असावी. खाली मंजुरीचा शिक्का.

नियम बरोबर होता. बाई बरोबर होत्या. भांडायला समोर कुणी उरलंच नाही, आणि माझे कान तापले.

"त्यांचे पडदे विटलेले होते गं," काका बाहेर आल्यावर म्हणाले. "फोटोत कसे दिसले असते?"

"तुम्हाला विचारलं होतं त्यांनी. खास गरज आहे का, असं विचारलं होतं. सख्खा भाऊ आठवला नाही?"

"ओरडू नकोस रस्त्यात. दादा म्हणालाय, तासभर काढेन सिलिंडरशिवाय."

"सातव्या मिनिटाला त्यांची नखं निळी पडतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. तासभर म्हणे!"

"मग घरी टीव्हीवर दाखवू थेट. हल्ली सगळे तसंच…"

मी चालायला लागले. काका मागून येत राहिले.

घरी बाबांनी सगळं ऐकलं आणि नळी सारखी करत म्हणाले, "एवढं काय त्यात? मी काय नवरामुलगा आहे? माझ्यावाचून काय अडतंय?"

धाकटी तेवढ्यात कामावरून आली होती, पर्स अजून खांद्यालाच. ती काकांकडे बघतही नव्हती.

"ताई, लग्नाच्या सह्या हॉलऐवजी घरी होतात का? तो नोंदणीवाला घरी येतो?"

"येतो. जागा बदलायची तर सात दिवस आधी अर्ज लागतो. परवापर्यंत दिला तर चालेल." हे मी सकाळीच शोधून ठेवलं होतं, तिने विचारलं तर म्हणून.

तिने तिथल्या तिथे नवऱ्यामुलाला फोन लावला. दोन मिनिटं बोलली. "चालेल म्हणाला. विचारत होता, बाबांच्या खोलीत किती जण मावतील."

"पलंग भिंतीला लावला तर अकरा."

"आणि दोनशे माणसं?" काकांचा आवाज चढला. "सकाळी अकराची वेळ दिलीय सगळ्यांना! हॉलवर येऊन काय बघतील?"

"पडदे बघतील," धाकटी म्हणाली. "एक वाजता आम्ही जेवायला पोचू."

बाबांना हसू आलं, त्यातून खोकला आला. मी त्यांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघत उभी राहिले. तो जागेवर यायला बराच वेळ लागला.

"मी त्या अकरांत आहे ना?" काकांनी हळूच विचारलं.

"आधी सगळ्यांना फोन करून एकची वेळ सांगा," धाकटी म्हणाली. "मग बघू."

मी आमंत्रितांची यादी काकांसमोर टेबलावर ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

"कारण काय सांगू?"

"झालं ते."

त्यांनी पहिला नंबर लावला. घसा खाकरला. "हां, नमस्कार. अहो, काय झालं, त्या हॉलवाल्यांनी ऐन वेळी…"

मी हात पुढे करून फोन बंद केला.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.