मंगळवारची फेरी

डॉक्टरबाईंनी शेजारणीनं बांधलेली पट्टी पाण्यानं भिजवली आणि आजींच्या कोपरावरून हलक्या हातानं सोडवायला घेतली. हात हलका असला तरी राग नाकाच्या शेंड्यावर होता. आजी या वर्षात तिसऱ्यांदा पडल्या होत्या.

"पायात पाय अडकला असेल," आजी म्हणाल्या.

"असेल म्हणजे? पडलात तुम्ही की दुसरं कोणी?"

खिडकीपाशी उभा असलेला आजींचा मुलगा हसला नाही. तो सकाळीच दुसऱ्या शहरातून आला होता, तोही वृद्धाश्रमात खोली पाहून. 'या आता एकट्या राहू शकत नाहीत' एवढं डॉक्टरबाईंनी म्हटलं, की संध्याकाळी तो आईला घेऊन निघणार होता. त्यासाठीच त्यानं त्यांना बोलावलं होतं.

बाईंचं डोकं फिरायचं ते इथेच. या म्हातारीला तिच्या घरात ठेवायला त्यांनी काय कमी खटपट केली होती? मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांनी उंटावरून शेळ्या हाकत लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या त्यांनी भांडून बंद करवल्या. चष्मा बदलवला. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घेताना तर नाकी नऊ आले. दवाखान्याची रांग दाराबाहेर गेलेली असताना, चार घास उभ्यानं पोटात ढकलून त्या दर मंगळवारी वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी फिरायच्या. आणि एवढं करून ही बाई दाणकन पडते! घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं, तेच कळत नव्हतं.

"डॉक्टर, मला स्पष्ट सांगा," मुलगा म्हणाला. "मंगळवारी दुपारी पडलीय ती. शेजारीण अंधार पडल्यावर डोकावली, तोवर जमिनीवरच. मी कुणाच्या भरवशावर ठेवू हिला इथे?"

बाईंचा हात थांबला.

"मंगळवारी दुपारी तर मी आले होते. दोनदा बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही."

"ऐकली की मी," आजी म्हणाल्या.

त्या दिवशी बाई फणफणत जिना उतरल्या होत्या. आपण ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि या शेजारी गप्पा झोडत बसणार, असंही काहीतरी पुटपुटल्या होत्या.

"मग हाक का नाही मारलीत?"

"मारली ना. पण तुमचा पाय फार भरभर पडतो हो."

"आणि आधीच्या दोन वेळा?"

आजी अंथरुणावरची सुरकुती सारखी करत राहिल्या. "तुम्हाला घाई असते. दार उघडलं नाही तर तुम्ही पुढच्या घरी जाता. मग आठवडाभर कोण येतंय? म्हणून बेल झाली की मी लगबगीनं उठते."

"हे आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं आणि तुम्ही यायच्याच बंद झाला असता तर?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींचा रक्तदाब त्यांनी निजवून, बसवून, उभं करून मोजला होता. स्वतःची घाई तेवढी कधी तपासली नव्हती.

"त्या माझ्यामुळे पडतायत," त्या मुलाला म्हणाल्या. "त्यांना इथून हलवू नका. मला आत यायला किल्ली द्या, म्हणजे उठायचा प्रश्नच येणार नाही. बाकी सगळं त्या नीट करतात."

वाद घालावा लागणार, म्हणून बाईंनी पुढची दोन-तीन वाक्यंही जुळवून ठेवली. पण त्यानं खिशातून जुडगा काढला, नखानं कडी फाकवून एक किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली.

"ही घ्या. माझी तशीही पडूनच असते."

बाईंनी किल्ली उचलली. हवं ते पदरात पडलं होतं, तरी त्यांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"आणि तू येशील तेव्हा रे?" आजींनी विचारलं.

"मी निघायच्या आधी फोन करीन ना, आई."

"बरं होईल," आजी म्हणाल्या. "म्हणजे मी तेव्हापासूनच दाराशी खुर्ची टाकून बसेन."