जोत्यासाठी शिंपले

गेल्या पावसाळ्यात भरतीचं पाणी दिबोरच्या चुलीत शिरलं, तेव्हाच तिनं ठरवलं होतं, पुढल्या पावसाआधी घराचं जोतं उंच करायचं. बेटावर दगड नाही, मातीही खारट. भराव घालायचा तो शिंपल्यांचाच.

"ताजे पुरायचे नाहीत," सांबू गवंडी म्हणाला. "जुन्या ढिगातले आण. तुझ्या खापरपणज्यांनी खाऊन टाकलेले."

"म्हणजे आम्ही सेरेर खादाड, हेच ना?"

"खादाड नसतात तर एवढा डोंगर झाला असता?"

सांबू जोला जमातीचा. सेरेर आणि जोला, या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. रागवायची सोय नव्हती.

सकाळी दिबोर आणि तिची धाकटी जाऊ कोदू होडी घेऊन ढिगाकडे गेल्या. वर गोरखचिंचेची झाडं, झाडांखाली पुरलेले पूर्वज. त्यांना विचारल्याशिवाय तिथं कुणी फावडं लावत नाही. दिबोरनं दूध ओतलं. जिरलं तर परवानगी. ते लगेच जिरलं.

"जिरणारच," कोदू म्हणाली. "शिंपल्यांवर दूध साठलेलं कुणी पाहिलंय?"

"गप गं. ऐकतील."

दोन टोपल्या भरल्या आणि कड घसरली. आत काळ्या राखेचा थर, मडक्याचा फुटका काठ आणि तळहाताएवढे शिंपले.

"अगं बाई! त्यांना असले, आणि आपल्या नशिबी नखाएवढे!" कोदू म्हणाली.

"त्या काळच्या बायका बारके चिखलात सोडत असतील. आपण कुठं सोडतो?"

वरून आणखी शिंपले घरंगळले, आणि दिबोरच्या लक्षात आलं, घसरतेय ती जागा कुठली. पाणी आलं तेव्हा सासूला पाठीवर घेऊन ती इथंच चढली होती. सगळं गाव इथं बसलं होतं, कोंबड्यांसकट. या राखेच्या बरोबर वर कुणीतरी चूल पेटवली होती.

"काय झालं, जाऊबाई?"

"आज मी जोतं भरीन, उद्या तू. मग सगळेच. आणि पाणी आलं की चढायचं कशावर?"

"पण त्यांनी परवानगी दिली की!"

"दिली. घरची मोठी माणसं नाही म्हणत नाहीत. आपल्याला कळायला हवं."

टोपल्या त्यांनी खचलेल्या कडेलाच उपड्या केल्या.

सांबूनं कपाळाला हात लावला. आता दर हंगामाला उकडून खाल्लेल्या शिंपल्यांवरच जोतं उभं राहायचं, आणि बारके तर दिबोर यापुढे चिखलातच ठेवणार होती. कैक हंगाम जाणार.

"आणि या पावसाळ्यात पाणी शिरलं म्हणजे?"

"म्हणजे सासूबाईंना घ्यायचं पाठीवर," दिबोर म्हणाली. "यंदा जड झाल्यात. तू ये हात लावायला."