रुमालाखालचा सौदा

महादेवीने तुरीचा दाणा दाढेखाली धरला आणि कडकन फोडला. आवाज पेढीवर बसलेल्या तिघांनाही ऐकू गेला.

"ओल कुठं हाय, काका? खडखडीत वाळलीय."

डाळमिलवाले किशनराव कसनुसं हसले. तुरीत ओल आहे असं सांगून भाव पाडायचा त्यांचा बेत या पोरीने एका दाण्यात मोडला होता. तूर घेऊन आलेले ग्यानोबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी महादेवीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. पेढीचे मालक, अडते बसलिंगप्पांनी मात्र लेकीकडे पाहिलंच नाही. अकरा दिवस झाले होते, त्यांनी तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं, आणि बसलिंगप्पांनी ठरवलेलं लातूरच्या अडत बाजारात कुणी कधी मोडलं नव्हतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जिथे सकाळपासून बैलगाड्यांनी रस्ता अडायचा, तिथे आता कुत्री झोपत. मिलांना तूर पाहिजे होती आणि ती आता जहाजाने आफ्रिकेतून येऊ लागली होती. मोंबासाच्या ज्या कंपनीकडून ती येई, तिला इथली तूरही कळणारा आणि बाजाराचं अर्थशास्त्रही शिकलेला माणूस हवा होता. लातुरात बी.कॉम. आणि औरंगाबादेत अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या महादेवीने मुंबईला जाऊन मुलाखत दिली. तिथेही तिने असाच दाणा फोडला होता. मोंबासाला तीन वर्षांच्या नोकरीचं पत्र आलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता; जन्मदाखल्यावर जुना जिल्हा, बाकी कागदांवर नवा, म्हणून पासपोर्टाची चौकशी उस्मानाबादला जाऊन तशीच परत आली. महादेवीने नव्या कलेक्टर कचेरीत सहा खेटे घातले. सहाव्या खेपेला ती बाकावरून उठलीच नाही, तेव्हा कुठे सही मिळाली.

होकाराची तार आज दुपारपर्यंत जायला हवी होती. वडिलांनी नाही म्हटलं असतं, तरी ती पाठवणारच होती. पण त्यांच्या तोंडून एकदा 'जा' ऐकल्याशिवाय निघायचं, या विचाराने तिला रात्र रात्र झोप येत नव्हती.

अबोल्याचं कारण आफ्रिका नव्हतंच. कारण होतं बसलिंगप्पांच्या मांडीवर ठेवलेला तो पांढरा रुमाल. सौदा उघड्या बोलीने व्हावा असा बाजार समितीचा नियम होता, पण जुन्या पेढ्यांवर अजून रुमालच चाले. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत. जितकी बोटं धरली तितका आकडा. मान्य असलं तर हात दाबायचा, नसलं तर काढून घ्यायचा. बोलायचं काहीच नाही. ज्याची तूर, त्यालाच भाव सगळ्यांत शेवटी कळे. महादेवीने एम.ए.च्या प्रबंधात नेमकं हेच लिहिलं होतं, आकडे देऊन, आणि मोंबासावाल्यांनी त्या प्रबंधाचंच पत्रात कौतुक केलं होतं.

"लेकीनं तुमच्या रुमालावरच पुस्तक लिहिलंय म्हणं," असं किशनरावांनीच भर बाजारात बसलिंगप्पांना विचारलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि तेव्हापासून अबोला धरला.

आता त्याच किशनरावांनी सवयीने हात पुढे केला. "चला अप्पा, टाका रुमाल. उरकून घेऊ."

बसलिंगप्पांनी रुमाल उचलला, झटकला आणि तसाच धरून बसले.

"अप्पा," महादेवी म्हणाली, "मला तार करायला जायचंय. तुमी काय तरी बोला. शिव्या द्या, चालंल."

त्यांनी किशनरावांच्या पुढे आलेल्या हाताकडे दुर्लक्ष केलं, महादेवीच्या दिशेने सरकले आणि आपल्या हातावर रुमाल टाकला. मग वाट बघत राहिले.

किशनरावांचं तोंड उघडंच राहिलं. या बाजारात बाईचा हात रुमालाखाली कधी गेला नव्हता. लहानपणी दुपारी पेढी रिकामी असली की अप्पा तिला मांडीवर घेऊन बोटांचे आकडे शिकवत, तो खेळ होता. हा खेळ नव्हता. महादेवीने हात आत घातला.

त्यांनी तिचं एक बोट धरलं. एक वर्ष.

तिने हात काढला नाही. सावकाश तीन बोटं त्यांच्या तळव्यात सरकवली.

बसलिंगप्पांनी दोन धरली. त्यांचा हात खरखरीत होता. महादेवीला गलबलून आलं. दोनावर हात दाबावा, तार तशीच करावी, कंपनीला काय कळवायचं ते पुढे बघू, असं क्षणभर वाटून गेलं. पण खोटा सौदा या माणसाने तिला शिकवला नव्हता. तिने पुन्हा तीन बोटं पुढे केली आणि ताठ ठेवली.

मग त्यांनी तिन्ही बोटं मुठीत घेतली आणि दाबली. चांगली जोरात दाबली.

"किती ठरलं, अप्पा?" किशनरावांना राहवलं नाही.

रुमालाखालचं सांगायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बसलिंगप्पांनी दुसऱ्या हाताने रुमाल ओढून काढला. महादेवीची तीन बोटं त्यांच्या मुठीत होती, ती साऱ्यांनी पाहिली.

"तीन वर्सं," ते म्हणाले. अकरा दिवस न वापरलेला आवाज घोगरा झाला होता. "आफ्रिकेत चाललीय माझी लेक. आन किशनराव, आता तुरीचा भाव बोला. मोठ्यानं. ग्यानोबाला ऐकू गेला पायजे."

ग्यानोबा खांब सोडून उठून बसले. किशनरावांनी घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पेढीवर भाव तोंडाने बोलले.

महादेवीने घाईघाईने चपला पायात सरकवल्या. पायरी उतरताना तिने वळून पाहिलं. बसलिंगप्पा रुमालाने तोंड पुसत होते. तीस वर्षांत त्या रुमालाला हे काम पहिल्यांदाच लागलं होतं.