चौदा नंबरची नळी

निरोगी गटात एक माणूस कमी पडत होतं, म्हणून तिने सासूबाईंना उभं केलं. पोटात जंतू ठाण मांडून बसले आणि आजार पुढे सरकू लागला की रक्तातल्या प्रतिकाराच्या कोणत्या खुणा वाढतात, हे तिची प्रयोगशाळा शोधत होती. 'जेवणानंतर जळजळ होते का?' या प्रश्नापुढे 'नाही' तिनेच लिहिलं. सासूबाई रोज जेवण झालं की बरगडीखाली मूठ दाबून बसायच्या, हे तिला ठाऊक होतं. पण स्वयंपाक आपण केला की त्यांना कळ मुद्दाम जास्त येते, हे सगळं नाटक आहे, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

आज आकडे आले. निरोगी गटातल्या चौदा नंबरच्या नळीतल्या रक्ताने आजारी गटालाही मागे टाकलं होतं.

"ही नळीच बाद दिसतेय," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "निरोगी माणूस असा असतो होय? टाक काढून, दुसरं गिऱ्हाईक शोधू."

तिने पुन्हा तपासणी लावली. आकडे तेच. नळीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

पण ती उठून प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "चौदा नंबर माझ्या सासूबाई. त्यांना त्रास होता. मी लपवला."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कधीपासून त्रास आहे?" त्यांनी एवढंच विचारलं.

तिला सांगता येईना. तिथूनच तिने घरी फोन लावला.

"दीड वर्ष झालं असेल की," सासूबाई म्हणाल्या. "का गं?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, आई?"

"अगं, माझ्यासमोरच तू 'नाही' लिहिलंस ना? म्हटलं, शिकलेली पोर आहे, तिला दिसत असेल काही नाही ते. उगाच तोंड कशाला वाजवा!" आणि त्या हसल्या.

तिला हुंदका आवरेना. डॉक्टरबाईंनी उद्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहून तिच्यापुढे सरकवली.

"आई, उद्या दुर्बिणीने पोट तपासायचंय. सकाळी काही खाऊ नका."

"बरं. तू थांबशील ना जवळ?"

"थांबेन," ती म्हणाली, "आणि मी जाणूनबुजून 'नाही' लिहिलं, त्याबद्दल मला काय बोलायचं ते तिथे बोला."