टकळी थांबली तेव्हा

माझं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि मी. गिऱ्हाईक बसलं की माझी टकळी सुरू. कात्री थांबेल, तोंड थांबायचं नाही. समोरचा काही बोलू लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. माणसाच्या ओठांवर काय आहे ते मला आधीच कळतं, असा माझा समज. हसायचं तर हसा.

देवाशीही माझं तसंच. सकाळी दुकान उघडून आरसा पुसला की मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो आणि त्याच्याशी बोलतो. अगदी घरच्यासारखं, अरे-तुरे. गुडघा दुखतोय बघ, पोरीला चांगली नोकरी लागू दे, समोरच्याचा तो कुत्रा जरा आवर. सांगून झालं की लगेच उठायचं, कारण पहिलं गिऱ्हाईक दारात. आमचं दोघांचं फार छान जमतं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो.

तीन महिन्यांपूर्वी बायकोला झटका आला. हात वाचला, पाय वाचला, चालती-फिरती झाली, पण बोलणं गेलं. कळतं सगळं. शब्द मनात असतो, जिभेपर्यंत येतो आणि तिथेच अडतो. एखाददुसरा निघायचा, तोही अर्धा. मी घाबरलो हो. जन्मभर मीच बोललो हे खरं, पण ती समोर आहे म्हणून बोललो.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक बाई आहे, माझ्या पोरीएवढी. ती म्हणाली, "काका, यांचे शब्द परत येऊ शकतात. पण ते त्यांनी स्वतः शोधले पाहिजेत. त्या शोधायला निघाल्या की तुम्ही लगेच आणून देता. मध्ये बोलू नका. कितीही वेळ लागू दे."

"अजिबात नाही बोलणार. तुम्ही काळजीच सोडा. मी एकदा ठरवलं ना, की मग—"

"काका," ती म्हणाली.

घरी आलो आणि पहिले पाढे पंचावन्न. तिने तोंड उघडलं, चेहरा ताणला, की मी सुरू. चहा हवा? पाणी? गोळी राहिली? उशी देऊ? ती थकून डोळे मिटायची आणि नुसती मान डोलवायची. मला वाटायचं, बरोब्बर ओळखलं. मग एक दिवस तिने प्रयत्नच सोडला. खिडकीपाशी बसून राहायची. आठवडा गेला, अर्धा शब्दसुद्धा नाही. दवाखान्यातल्या त्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर वाचा कायमची बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाची जी काही हजेरी घेतली, ती विचारू नका. दार आतून लावलं आणि सुरुवात केली. तीन महिने घसा फोडून मागतोय, एक काम सांगितलं तुला, एक! कोणाचं वाईट केलं मी? तिने केलं? काहीतरी बोल की! असं बराच वेळ चाललं. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, माझं बोलणं संपलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एकही शब्द शिल्लक नव्हता. उठायचंही त्राण नव्हतं, म्हणून बसून राहिलो.

आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. नळ ठिबकत होता. पण थोड्या वेळाने मनात एक गोष्ट आली, शांतपणे, कोणी जवळ येऊन बसावं तशी. तू 'बोल' म्हणालास, पण थांबलास कधी? ना माझ्यापाशी, ना तिच्यापाशी.

हा माझाच विचार कशावरून नसेल, असं तुम्ही विचाराल. मी माझ्या स्वभावाला ओळखतो. मी बोललो असतो तर माझ्या बाजूचं बोललो असतो. हे माझ्याविरुद्ध होतं, तरी लागलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मला रडूच आलं.

तेवढ्यात दार वाजलं. टपाल कचेरीतले साहेब, बारा वर्षांचं गिऱ्हाईक. मी टॉवेल गुंडाळला आणि गप्प उभा राहिलो. साहेब आरशात माझ्याकडे बघत बसले. शेवटी चाचरत म्हणाले, "ते... भांग डावीकडे पाडता येईल का? कधीचं सांगेन म्हणत होतो."

बारा वर्षं! मला लाज वाटली आणि हसूही आलं. भांग डावीकडे पाडला. माणूस देखणा दिसत होता हो.

दुपारी लवकर घरी गेलो. ती खिडकीपाशीच होती. मी समोर स्टूल ओढून बसलो आणि नुसता बसलो. तिने एकदा बघितलं, मान फिरवली. पुन्हा बघितलं. ह्यांना बरं आहे ना, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी हसलो, पण बोललो नाही. मनात म्हटलं, देवा, तूच धर आता माझी जीभ.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तिचे ओठ हलले. "अ... अहो."

माझ्या तोंडात चहा, पाणी, गोळी, उशी, सगळं गोळा झालं होतं. गिळलं.

"मी... पण." कपाळावर घाम आला होता तिच्या. मी तो पुसायला गेलो नाही, शब्दही पुरवला नाही. "मी पण... मागत होते. देवाला."

मी मान डोलावली.

"म्हटलं... ह्यांना... एकदा... माझं... ऐकू दे."

मी तीन महिने तिचे शब्द मागत होतो, आणि ती माझे कान मागत होती, आणि त्याने दोघांचं एकदमच दिलं होतं. किती उपकार मानू त्याचे, मला सुचेना. एवढंच विचारलं, "झटका आल्यापासून मागत होतीस?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. डोळ्यांत तीच जुनी मिश्कील चमक आली. खूप वेळ लागला, पण मी थांबलो.

"लग्न... झाल्यापासून," ती म्हणाली.