कोमट पाणी

"पाणी कोमट घ्या. माणूस थंड झालं म्हणून पाणीही थंड चालतं, असं नाही."

चंद्रप्रभाताईंचे हे शब्द दोन वर्षांपूर्वीचे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अलकनंदाच्या सासूबाई गेल्या, त्या सकाळी चंद्रप्रभाताई पदर खोचून आल्या आणि आतल्या खोलीत त्यांना अखेरची आंघोळ घालू लागल्या. अलकनंदा टॉवेल धरून दाराशी उभी होती. आत पाऊल टाकायचं तिला सुचलंच नव्हतं. निघताना चंद्रप्रभाताई हसून म्हणाल्या, "माझ्या वेळी तुम्ही या हं."

"येईन की," अलकनंदा म्हणाली होती. अशा वेळी माणूस म्हणतं तसं.

आज ईस्टरआधीच्या उपवासकाळातला साधा मंगळवार. सकाळची प्रार्थना झाली होती. अलकनंदा मटार सोलत होती आणि तिचे यजमान गुणवंत ऑफिसला निघायच्या घाईत दुसरा मोजा शोधत होते. तेवढ्यात महिला मंडळाच्या सेक्रेटरी रेवतीचा फोन आला. चंद्रप्रभाताई पहाटे गेल्या. मयूर विहारच्या घरी, झोपेतच.

अलकनंदाला रडू आलं नाही. हातातली शेंग तिनं सोलून पुरी केली.

"आंघोळीचं कोण बघतंय?"

रेवती आवाज उतरवून म्हणाली, "अलकाताई, एक गडबड झाली यार माझ्याकडून. पाळकसाहेबांनी बातमी सांगितली, मी फोन ठेवला, आणि हाताच्या सवयीनं चंद्रप्रभाताईंनाच लावला. पलीकडून उचलताच बोलूनही गेले, ताई, मयूर विहारात मयत झालंय, निघता ना?"

"मग?"

"त्यांची मुलगी होती, देविका. म्हणाली, आई आज नाही येऊ शकत."

अलकनंदानं शेंगांचं ताट बाजूला सारलं.

दिल्लीतल्या या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत कोणाच्याही घरची बाई गेली की चंद्रप्रभाताईंना फोन जायचा. त्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या, तेव्हाही अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायच्या. हे काम त्यांना कोणी नेमून दिलं नव्हतं. "देवानं त्यांना सेवेचं दान दिलंय," असं सगळ्याजणी प्रेमानं म्हणायच्या आणि बाहेरच्या खोलीत बसून गीतं गायच्या. चहा झाला की त्यांनाही घेणार का म्हणून विचारलं जायचं. "घरी जाऊन आंघोळ करूनच घेते," त्या म्हणायच्या, आणि त्यांना आग्रह कोणी करत नसे.

त्यांचे आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून मंडळीत आले होते. बाकीच्यांचे आजोबा गावातून. बाप्तिस्मा एकच, प्रभुभोजनाचा प्याला एकच. जातीचं नाव तीन पिढ्यांत कोणी तोंडातून काढलं नव्हतं. पण प्रेताला हात कोणी लावायचा, हे न बोलता ठरलेलं होतं. अलकनंदाच्या सासूबाईंनी हयातीत चंद्रप्रभाताईंच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पित्ताचा त्रास आहे, म्हणायच्या.

"एजन्सीवाले आहेत ना," रेवती पुन्हा बोलू लागली. "पेटी, गाडी, आंघोळ, सगळं पॅकेजमध्ये येतं. बिल्कुल टेन्शन नाही. आपण तीनला कब्रस्तानातच भेटू. फुलं मी आणते. आणि ते पुण्य गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीची मीटिंग होती ना आज, ती उद्यावर ढकलते. चलो, ठेवते."

अलकनंदानं फोन ठेवला. कपाटातून तिनं दोन टॉवेल काढले, साबणाची नवी वडी काढली आणि पिशवीत ठेवली.

"कुठे निघालीस?" गुणवंतांनी विचारलं.

"चंद्रप्रभाताईंना आंघोळ घालायला."

"तू? अगं, मेलेली पाल उचलायला मला हाक मारतेस तू!"

एक पाय उघडा, तसेच ते जवळ आले.

"हे बघ, आज जाशील. पण एकदा गेलीस ना, की मग दर वेळी तुलाच बोलावतील. लोकांना काय, सवय होते."

अलकनंदानं वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं तर."

"काय?"

"लोकांना सवय होते, हे."

गुणवंत आपल्या उघड्या पायाकडे बघत राहिले. "त्यांनी कधी तक्रार केली नाही," ते म्हणाले.

"आपण कधी विचारलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "आईंना मी न्हाऊ घालायला हवं होतं, अहो. सून मी होते. मी टॉवेल धरून उभी राहिले, आणि बाहेर येऊन सांगितलं की फार छान सेवा केली त्यांनी."

ज्या प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याचं चित्र गुणवंतांच्याच डोक्यावर भिंतीला होतं. दर नाताळाला ते स्वतः त्याची काच पुसत.

पिशवी घेऊन अलकनंदा निघाली. दार ओढून घेताना तिला दिसलं, गुणवंत मटारच्या ताटापाशी जाऊन बसले होते. सोलत नव्हते, नुसतेच बसले होते.

जिन्यात तिनं देविकाला फोन लावला.

"देविका, एजन्सीवाल्यांना जरा बाहेरच थांबव. मी येतेय. मेट्रोच्या पिंक लाईननंच येते, लवकर पोचेन."

"काकू, तुम्ही?" देविकाचा आवाज कोरडा होता. "पण तुम्हाला येतं?"

"नाही गं, येत नाही. तू असशील ना जवळ? दोघी मिळून करू."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"मी काय करून ठेवू, काकू?"

"गीझर लाव," अलकनंदा म्हणाली. "कढत नको. कोमट."

फोन पर्समध्ये टाकून, पिशवी छातीशी धरून, ती मेट्रोच्या दिशेनं चालू लागली.